फायाचा ट्रक

झुआर गावच्या बाभळीखाली म्हातारा तोगोई बसला होता. मुलीच्या लग्नासाठी फाया शहराला निघालेल्या कोसेईला आठवड्याचा एकुलता एक ट्रक गाठायचा होता. पण आधी विचारपूस, मग काम, हा डोंगराचा कायदा. उंटावरून उतरून तो रीतसर दहा पावलांवर उकिडवा बसला.

"बरं आहे ना, काका?"

"बरं. तुझे उंट?"

"बरे. तुमचा गुडघा?"

"आहे तसाच. शेळ्या?"

"बऱ्या. खजूर?"

"गोड. सासू?"

"तिखट. काका, फायाचा ट्रक कधी सुटतो?"

"आपण शेळ्यांपाशी आलो होतो ना, तेव्हाच सुटला."

"मग तेव्हाच सांगायचं!"

"विचारपूस अर्धी टाकून? आपण काय शहरातली माणसं आहोत? तू खिंडीतून जा. ट्रक डोंगराला वळसा घालून संध्याकाळी पलीकडच्या विहिरीवर येतो."

"आणि मला उशीर झाला तर? थांबेल तो?"

"थांबेल की. ड्रायव्हरचे पाचही मामा त्या विहिरीवरच बसलेले असतात."