राखेची रेघ

आदरणीय अध्यक्ष व आपल्या साखर कारखान्याचे संचालक बबनराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते हॉकीचे उत्तरेश्वर सर, सौ. वहिनी, पालक बंधुभगिनींनो आणि दारात घोळका करून उभ्या असलेल्या मुलींनो,

मी गोलकीपर कावेरीची आई. पालकांच्या वतीने बोलायचं आहे. प्रसंग एकच सांगणार, पण तो अध्यक्षांचा आहे. भर सभेत सांगणं शोभेल का, असं स्वतःला बरंच विचारलं. शेवटी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "सांगा बिनधास्त. झाकायचं काय हाय त्यात?"

मागचा दुष्काळी हंगाम आठवा. ऊसच नव्हता, टोळ्या तोडणीला गेल्या नाहीत, आणि हिवाळ्यातले सामने अनेक आईबापांनी पहिल्यांदाच पाहिले. एरवी लेक गोल मारायची तेव्हा ते दूर कुठल्या तरी फडात असायचे. मग उत्साह आवरणार कसा? भिवराबाई चेंडूबरोबर कडेने पळायच्या, "हाण गं, हाण!" गहिनीनाथ पंचाला विचारायचे, "डोळे हायत का गुंड्या बे?" शेवटी सरांनी कारखान्याच्या राखेने मैदानाभोवती रेघ मारली. जिचं माणूस रेघ ओलांडेल, ती मुलगी बाहेर.

आणि पहिल्यांदा ओलांडली कोणी? नात शिवकन्या पडली, पंचांनी शिट्टी दिली नाही, आणि आमचे बबनराव थेट पंचासमोर! सरांनी शिवकन्येला बाहेर बसवलं.

"सर, मैदान कुणाचं हाय?"

"कारखान्याचं, साहेब. रेघ सगळ्यांची."

तेव्हा जनावरांच्या छावणीला जागा शोधणं चालू होतं. साहेबांनी एक शब्द टाकला असता तर मैदानावर दावणी लागल्या असत्या आणि मुलींची हॉकी तिथेच संपली असती. मलाही सरांचा रागच आला. एवढं ताठ कशाला राहायचं?

पुढच्या सामन्याला साहेब आले. उपरण्याचं टोक दातात धरून शेवटपर्यंत रेघेमागे उभे राहिले. छावणी लागली ती त्यांच्या स्वतःच्या रानात.

तरीही सरांची बदली कळल्यावर मला धास्ती होती. सर गेल्यावर ही रेघ कोण पाळणार?

आज सकाळी निरोपाचा सामना झाला. नवे सर पंच, आणि आपले सर प्रथमच प्रेक्षकांत. बीडच्या मुली गोलजवळ आल्या, सर ओरडले, "कावेरी, पुढं नको, मागं!" आणि बघता बघता स्वतःच रेघ ओलांडून आत! बबनरावांनी त्यांचा सदरा धरला.

"ओ सर, रेघ! काढा आता तुमची पोर भायेर."

हशा पिकला. पण सरांची पोर कोण? कावेरी हेल्मेट काढत निघाली. मागोमाग शिवकन्या. मग सगळा संघच रेघेबाहेर येऊन बसला. बीडच्या मुली चेंडू घेऊन मैदानात एकट्याच! सर कितीतरी वेळ चष्मा पुसत होते. त्या बसलेल्या पोरींकडे पाहून माझा जीव भांड्यात पडला.

सर, निर्धास्त जा. राख कारखाना देईल, रेघ आम्ही मारू.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात माझाही पाय रेघेपलीकडे गेला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. कावेरीला मात्र बाहेर बसवू नका.