आत टेबलावर मोती

जनावरांच्या तातडीच्या दवाखान्यात मी मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ होते. त्यांच्या कुत्र्याचं आत ऑपरेशन चाललं होतं. पलीकडे बसलेल्या म्हातारबाईंनी त्यांना विचारलं,

"काय गिळलं?"

"मोजा. माझाच."

"धुतलेला तरी होता का?"

"मावशी, मोती आत टेबलावर आहे हो! डॉक्टर चांगल्या आहेत ना?"

"माझीच मुलगी आहे. मला ताप आला की म्हणते, गोळी घे आणि झोप. कुत्र्याला शिंक आली की धावत सुटते."

"तसं नाही, हात कसा आहे?"

"अठरा वर्षं हेच करतेय. परवा एक कासव आलं होतं. आता कासवाला कसली आलीय घाई? पण जेवणाचं ताट सोडून पळाली."

"वाचलं?"

"वाचलं की. तिला चावलंसुद्धा."

"मोतीला काही झालं तर... घरी आम्ही दोघंच असतो हो."

"रडा, रडा. लाजू नका. मागच्या आठवड्यात एक धिप्पाड पोलीस उंदरासाठी रडला."

"उंदरासाठी?"

"पांढरा होता, पाळलेला. हिने रात्रभर हातात धरून ऊब दिली त्याला."

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काका, मोती शुद्धीवर येतोय. धोका टळला."

"मी आत येऊ?"

"या, पण आधी डोळे पुसा. तुमचं हे तोंड बघून त्याला वाटेल, आपलं काही खरं नाही."