बारा नंबरचे बूट

...आणि वर मला म्हणते, 'काळजी करू नका!' अहो, सरकारी माणूस 'काळजी करू नका' म्हणाला की आमच्या विनिपेगमध्ये लोक आधी खिसा चाचपतात! तुम्हाला सांगते, मला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. पगार म्हणजे काय, सूपचा वास घ्यायचा आणि घरी यायचं! तर फोनवर ही घरभाड्याच्या सरकारी कचेरीतली फेनविकबाई, 'ग्लेंडा, एकट्या आईला नोकरी लागली तरी घरभाड्याची मदत आम्ही वर्षभर चालू ठेवतो. एकटीच राहता ना, तेवढं फक्त बघून जाऊ.' का म्हणून? फुकट कोण देतं हो?

शेजारची ओल्गाबाई तर म्हणालीच, 'अगं, यात काहीतरी गोम आहे! तू कामावर रुजू हो, मग बघ कशी मदत काढून घेतात ते.' आणि घेतली तर? त्या पगारात भाडं कुठून भरू? माझ्या सहा वर्षांच्या मॅडीला घेऊन या थंडीत बहिणीच्या सोफ्यावर जाऊ? माझा जीव टांगणीला!

आली फेनविकबाई. दारात बूट काढले, आणि नजर गेली ती शेजारच्या बुटांवर. पुरुषाचे, बारा नंबरचे.

'हे कुणाचे?'

'कुणाचेच नाहीत.'

'कुणाचेच नाहीत, मग ओले कसे?'

आता काय सांगू कप्पाळ? एकटी बाई राहते हे साऱ्या गल्लीला कशाला कळायला हवं? म्हणून जुन्या बाजारातून आणले आणि ठेवले दारात. पण चोर काय आंधळा असतो? बर्फावर पावलं नकोत? म्हणून रोज सकाळी ते बूट घालायचे, मागच्या दारानं बाहेर पडायचं, वळसा घालून पुढच्या दारानं आत... चांगल्या लांब ढांगा टाकत!

आणि माझी अक्कल बघा! बाई खिडकीतून बघून म्हणते, 'पावलं आत आलीत, बाहेर गेलेलीच नाहीत. म्हणजे माणूस घरातच आहे!' झालं! कपाट उघडलं, पलंगाखाली वाकली, न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढला... आणि खरं सांगते, तेव्हा मीच तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. असलाच कुणी तर?

शेवटी मी रडकुंडीला आले. 'बाई, तो माणूस मीच हो!'

'असं? मग चालून दाखवा.'

घ्या! भर दुपारी, अंगात स्वयंपाकघराचा एप्रन, पायात ते होडग्यासारखे बूट, आणि मी फाटकापासून दारापर्यंत! ही पायरीवर उभी, 'जरा लांब ढांग... हं, तस्संच!' पावलावर पाऊल बरोब्बर बसलं, तेव्हा कुठं हसली. म्हणाली, 'मदत मंजूर. काळजी करू नका.' पुन्हा तेच! फुकट कोण देतं हो?

मान वर केली, तर समोरच्या प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी! ओल्गाबाई तर टाळ्या वाजवत होती मेली!

असो. घर राहिलं, नोकरीही राहिली. मी एकटीच राहते, हे सरकारला पटलं एकदाचं... आणि गल्लीतल्या चोरांनाही.