भटूआप्पाचं समर कलेक्शन

...आणि वर ती काउंटरवरची पोरगी मला विचारते, काका, स्किन टोन काय?

आता तुम्हाला सांगतो, उधन्याच्या कारखान्यात आख्खी जिंदगी लूम चालवला. शेठनं विचारलं दांडी का मारली, मास्तरनं विचारलं तागा का अडकला, डॉक्टरनं विचारलं तंबाखू कधी सोडणार... पण टोन? टोन आजवर कोणी विचारला नव्हता. मी आपला हात पुढे केला, म्हटलं बघ बाई, काय दिसतो तो लिहून घे. तर म्हणते, तुमचा नाही हो काका, ज्यांना लावायचंय त्यांचा. म्हटलं ती माझी लेक, पुण्याला असते. मग म्हणते, फोटो दाखवा. फोटो! आता मोबाईलमध्ये पोरीचा फोटो आहे तो तिच्या लग्नातला, त्यात पार्लरवालीनं भिंतीला चुना मारावा तशी ती रंगवलेली. त्यानंतरचा? त्यानंतरचा नाही. चौथी पास माणूस मी, पण तुम्हाला सांगतो, त्या लिपस्टिकच्या दुकानात नापास झालो.

पण थांबा. म्हातारा लिपस्टिकच्या दुकानात गेलाच कशाला, असं त्या तिसऱ्या रांगेतल्या ताईंच्या मनात आलंय. आलंय ना ताई? मग ऐका.

सगळा घोळ त्या लाइव्हचा. आमच्या सुरतमध्ये आता साडी घ्यायला मार्केटात जावं लागत नाही, मार्केटच मोबाईलमध्ये येतं. रोज दुपारी, जेवणं झाली की एक मयुरी नावाची मुलगी दुकानात उभी राहते, मागे साड्यांचे ढीग, पुढे मोबाईल, आणि सुरू... हा बघा नवा माल, हा बघा समरचा नवा रंग, हा बघा पिस्ता, हा लॅव्हेंडर, हा ऑफव्हाइट! ऑफव्हाइट बघितला आणि मी खाटेवरून खाली पडायचा राहिलो. अहो, ते लूमवरून उतरलेलं कोरं कापड! रंगात घालायच्या आधीचं! तसले ढिगानं तागे उतरवले आम्ही, तेव्हा मेलं कोणी कलेक्शन म्हटलं नाही.

तर मी आपला गंमत म्हणून बघत होतो. नवागामच्या दोन खोल्या, बायको, वत्सला, गेल्यापासून घरात आवाज म्हणाल तर पंख्याचा. आणि एक दिवस ती मयुरी मोबाईलमधून माझ्याकडे बघून, माझ्याकडे हां, म्हणाली, "भटूआप्पा नवागामथी जोडाया छे, जय श्री कृष्ण आप्पा, जमी लीधुं?"

जेवलात का!

मी उठून बसलो. इकडे तिकडे बघितलं. किती दिवसांनी कोणी विचारलं असेल, ते तुम्हाला सांगत नाही, तुमचा चहा गार होईल. मी घाईघाईत लिहिलं, हो, वांग्याची भाजी. तिनं ते मोठ्यानं वाचलं. आख्ख्या गुजरातला कळलं की भटूआप्पानं वांगं खाल्लं!

मग काय, रोज दुपारी हजर. आणि मूळचा स्वभाव जाईल कुठे? मी लिहायचो, मागचे शेठ जांभई देतायत, त्यांना कोणीतरी पिस्ता रंग दाखवा. मी लिहायचो, हीच साडी काल लॅव्हेंडर होती, आज मोरपिशी कशी झाली, धुतली का? मयुरी वाचता वाचता हसायची, शेठ मागे कसनुसा व्हायचा. पण तिचा एक कायदा होता. नुसतं लिहिणाऱ्याचं नाव एकदा घेते. जो बुक करतो, त्याचं नाव तीनदा, वर टाळ्या. आणि घेऊन परत पाठवेल, त्याला ब्लॉक. कायमचा.

आता मला सांगा, टाळ्यांचा मोह कोणाला नसतो? मी पिस्ता बुक केली.

आली. पुड्यातून काढली, बोटांत धरून चोळून बघितली, सवयच ती. लिननसारखी, हलकी, सुरतच्या उन्हाळ्यात अंगावर नको होणार नाही अशी. वस्तू घेण्यासारखी आहे हो, मी नाही म्हणत नाही... पण द्यायची कोणाला?

पुढच्या आठवड्यात मयुरीनं कॉम्बो काढला. लॅव्हेंडर साडीसोबत सनस्क्रीन आणि सिरम. मी म्हटलं बघू तरी. सनस्क्रीन म्हणजे काय, सुताला लावायची कांजी असते ना, तीच, फक्त वास चांगला. उन्हात जाताना तोंडाला लावायची. मी लावून भाजी आणायला गेलो, भाजीवाली म्हणाली आप्पा, तब्येत बरी नाही का? आणि ते सिरम, एवढीशी बाटली, रबराची टोपी, थेंब थेंब पडणारं. लूमच्या खडखडाटानं कान गेलेला माणूस मी, मला वाटणार काय? हसू नका. दोन्ही कानांत नाही घातलं. एकातच घातलं. ऐकू काही आलं नाही, पण कान असा मऊ झालाय म्हणून सांगू, हात लावून बघा पाहिजे तर... वस्तू घेण्यासारखी आहे. पण द्यायची कोणाला?

तुम्ही म्हणाल, शेजारीपाजारी द्या. अहो निळ्या शर्टवाले, तुम्ही कोणाच्या बायकोला साडी देऊन बघा, मग आपण तुम्हाला बघायला सिव्हिलला येऊ. आमच्या शेजारी लीलाबाई, स्वभावानं सोनं, वत्सलाची मैत्रीण. मनात आलं हिला देऊन टाकावी. पण तिचा नवरा महेश! रिक्षा चालवतो, मिशा अशा की आरशात मावत नाहीत. एकटा म्हातारा शेजारणीला पिस्ता साडी देतो, वर सिरम! संध्याकाळपर्यंत दिंडोलीपर्यंत बातमी, आणि सकाळी आप्पा रिक्षाच्या मागच्या सीटवर.

पण लीलाबाईच एक दिवस पार्सल बघून आत आली. म्हणाली, "आप्पा, हाई लुगडं कोनाकरता शे?"

माझी जी ततपप झाली! मी म्हटलं, ते... ते आपलं... लॅव्हेंडर. कपाट उघडून बघितलं तिनं. सगळा माल बघितला. मग खाली बसली आणि म्हणाली, आखाजी आली ना आप्पा. वर्षाले बलावा. वर्षा म्हणजे माझी पुण्याची लेक.

आता आखाजी काय ते ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशातल्या माणसांत आखाजीला लग्न झालेली लेक माहेरी येते. येतेच. झोका बांधायचा, तिला पोळी-आमरस घालायचा, नवं लुगडं द्यायचं. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं. एका दिवसात दोघी घरी येतात. वर्षा आणि तिची आई. असा तो दिवस.

पण वत्सला गेल्यापासून वर्षा आखाजीला आली नाही. पहिल्या वर्षी मी फोन केला, तर म्हणाली, आप्पा, आई नाही, येऊन काय करू? सहज म्हणाली ती, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. मी पण हसलो. मला कशावरही हसायची सवय, पोरीला वाटलं आप्पा मजेत आहेत. पण यंदा मी ठरवलं, आईसाठी येत नाही ना, नको येऊस. मालासाठी ये! तुम्हाला सांगतो, मी रोज एक एक वस्तू फोनवर सांगायला लागलो. आज पिस्ता आली. आज लॅव्हेंडर आली. तर ती म्हणते आप्पा, मी साड्या नाही नेसत, ऑफिसला कुर्ता आणि फार तर लिपस्टिक.

लिपस्टिक! धरली मी ती लिपस्टिक. तडक लिंबायतच्या त्या नव्या दुकानात. तिथे एकट्या लाल रंगाचे इतके लाल! वर ती पोरगी म्हणते, काका, यंदा लाल नाही चालत, यंदा न्यूड चालतं. मी आधी दुकानाबाहेर बघितलं, ओळखीचं कोणी नाही ना. म्हटलं न्यूड म्हणजे? तर म्हणते, लावली तरी लावलीय असं दिसत नाही. म्हटलं मग लावायची कशाला? म्हणते, काका, नॅचरल दिसतं. अगं बये, न लावता त्याहून नॅचरल दिसतं आणि फुकट दिसतं! शेजारची बाई आरसा बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. आणि तेवढ्यात ते, स्किन टोन काय.

फोटो नाही. मग तिथूनच पुण्याला फोन. म्हटलं बेटा, तुझा रंग कोणता आहे गं?

वर्षा म्हणाली, आप्पा, ऑफिसात आहे मी, कोणाशी पैज लावलीत आज? म्हटलं पैज नाही, टोन पाहिजे, दुकानात उभा आहे. ती गप्प झाली. म्हटलं हॅलो... हॅलो... मला ऐकू कमी येतं, कोणी गप्प झालं की मला वाटतं कानच गेला. मग म्हणाली, "आईसारखाच की आप्पा. विसरलात?"

विसरतो! मी त्या पोरीला म्हटलं, चहा बघितलास? पहिल्या उकळीचा नाही. गॅस बारीक करून कोणी बोलत बसलंय, चहा विसरलाय, आणि मग आठवण येऊन उतरवलाय, तो रंग. ती हसली नाही. चार कांड्या बाजूला सारून तिनं पाचवी दिली. घरी येऊन मी ती उघडून खिडकीत धरून बघितली. बरोबर. वस्तू घेण्यासारखी. आणि या वेळी, तुम्हाला सांगतो, द्यायची कोणाला हे पण पक्कं.

कारण त्याच फोनवर मी आखाजीला ये म्हटलं, तर वर्षा म्हणाली होती, बघते. आणि आमच्या घरात 'बघते' म्हणजे निम्मी निघाली.

आखाजीला पहाटे उठलो. दोन खोल्यांच्या मधल्या दारात झोका बांधला, आता आतबाहेर करायचं तर झोक्याखालून वाकून जायचं. घागर भरली, खरबूज ठेवलं, वत्सलाला म्हटलं बस जरा, पोरगी येतेय. लीलाबाईनं खापरावर पोळ्या टाकल्या. सगळा माल खाटेवर मांडला, मयुरी मांडते तसा, लेबलं पुढे.

फोन आला. तोंड दिसणारा फोन. वर्षा दिसली, पण मागे बस नाही, रेल्वे नाही. मागे तिच्या घरचा फ्रिज. जावयाची सुट्टी कापली, हिचं ऑफिसचं कामही राहिलंय... मी सगळं ऐकलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, एवढंच वाईट. मग म्हणाली, आप्पा, ते सामान कुरिअर करा ना.

मी म्हटलं, कुरिअर? एवढा समरचा नवा माल न बघता? थांब. मोबाईल तांब्याला टेकवला, समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "वर्षाबेन पुणेथी जोडाया छे, जय श्री कृष्ण वर्षाबेन, जमी लीधुं?"

तिनं फोन जवळ घेतला. मग म्हणाली, अजून नाही जेवले आप्पा.

म्हटलं मग बघ! हा पिस्ता, हा लॅव्हेंडर, ही लिपस्टिक, लावली तरी दिसणार नाही, त्यामुळे कोणी उसनी मागणार नाही. हे सिरम, कानाला उत्तम. पण साडी नुसती हातात धरून काय कळणार? मयुरी खांद्यावर टाकून दाखवते. मी टाकली. पण भटूआप्पा अर्धवट काम करत नाही. पायजम्यावर गुंडाळली, निऱ्या घेतल्या, खोचल्या, पदर काढला, आणि झोक्यावर बसलो. दाखवायला नको, झोक्यावर कशी दिसते?

आणि त्याच वेळी दारात लीलाबाई पोळ्यांचं ताट घेऊन, आणि मागे महेश. सगळ्या मिशांसकट. बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "आप्पा, पदर सरकना तुमना."

वर्षा जी हसायला लागली, फोनमधून फ्रिज हलताना दिसला. हसत हसत डोळे पुसले तिनं, परत पुसले, आणि नंतर हसत नव्हती तरी पुसतच होती. म्हणाली, आप्पा, जरा उठा. चालून दाखवा. मी चाललो. म्हणाली, वळा. वळलो. म्हणाली, आई अशाच निऱ्या वर धरून चालायची, एका हातानं.

मी काय मुद्दाम धरल्या नव्हत्या. पायात येत होत्या म्हणून धरल्या. इतकी वर्षं तिच्या मागून चाललो, हाताला माहीत असणार.

मग ती म्हणाली, बुक करा. पिस्ता माझी. दिवाळीला नक्की येते आप्पा, ब्लाउज शिवून ठेवा. आणि फोन ठेवला.

आता 'बघते' चं काय झालं ते तुम्ही बघितलंत. 'नक्की' चं मी तोंडानं काही बोलत नाही, सणाचे दिवस. पण शब्द दिला, तर ब्लाउज शिवायला हवा. गेलो शोभाबाईकडे, आमच्या गल्लीतली टेलर. ती म्हणाली मापाचा ब्लाउज आणा. मापाचा कुठला आणू? वत्सलाचे सगळे वाटून टाकले, वर्षाचा या घरात एक नाही. वर्षाला फोन केला तर लागेना. शोभाबाई गळ्यातला टेप हातात घेऊन वाट बघत उभी, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, शेवटी वैतागून म्हणाली, आप्पा, नेसणार आहे कोण ते तरी सांगा...

मी हात वर केले. म्हटलं घे बाई, माझंच माप घे. आणि बाही जरा लांब ठेव, दिवाळीत थंडी असते.