कातळ्यांचं पान आणि चाळीस मिनिटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पेनॅरो गावच्या ग्रंथपाल मेव्हिस हॅल्पिन, व्यासपीठावर उपस्थित असलेले खाण-बचाव पथकाचे माजी प्रमुख विट बारानोव्स्की, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती मिसेस पास्को, आणि फुटबॉलचा सामना सोडून या गळक्या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सर्वप्रथम एक कबुली देतो. मला भीती वाटते आहे. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, नेव्हिल ट्रेगिर भित्राच आहे. खरं आहे. मी शाळेची बस चालवतो आणि वळणावर भोंगा तीनदा वाजवतो. समोरून कुणी येत नसतं, तरी वाजवतो. पण आजची भीती जरा निराळी आहे. माझं बोलून झाल्यावर अध्यक्षा आमच्या क्लबची ऑर्माची वही माझ्या हाती देणार, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. ती वही घेण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकल्यावर तुम्ही मला ती द्यालच असं नाही. एक मित्रही कदाचित मी आज गमावेन. तेव्हा जरा सांभाळून घ्या, मी अधूनमधून पाणी पिईन.

गावातल्या ज्या मंडळींना आमचा शनिवारचा क्लब म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही, आणि त्यांत माझी बायकोही आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही दहाबारा प्रौढ माणसं टेबलाभोवती बसून ऑर्मा नावाचं एक जग रचतो. त्यातले लोक रचतो, त्यांची चेटकं रचतो आणि मग फासे टाकून त्या जगात खेळतो. एकतीस वर्षं हा उद्योग चालू आहे. एकतीस वर्षं मिसेस पास्को त्या जगाच्या राखणदार आहेत. तुम्ही सगळे त्यांना ग्वेंडा म्हणता. मला ते जमत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी माझ्या हातून फुटलेल्या परीक्षानळ्या मोजल्या आहेत.

त्यांचे नियम कडक. एखाद्याने नवीन लोक आणले, की त्यांचे कान केवढे आणि त्वचा कुठल्या रंगाची हे त्या विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच, "यांना भीती कशाची वाटते?" उत्तर नसेल तर ते लोक वहीत जात नाहीत. चेटूक आणलं, की दुसरा प्रश्न, "याची किंमत कोण देतो?" आपल्या अध्यक्षांनी खारवट नावाचे कड्यावरचे लोक आणले होते, आठवतंय? खारवटाने शीळ घातली की वारा फिरतो, पण प्रत्येक शिळेला त्याच्या जिभेची एक चव जाते. म्हाताऱ्या खारवटाला मटण आणि भिजलेला पुठ्ठा सारखाच लागतो. मिसेस पास्कोंनी त्या दिवशी मेव्हिसला स्वतःच्या वाटणीचा शिंपल्यांचा पॅटिस दिला. एकतीस वर्षांत एवढं कौतुक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

आणखी दोन नियम. एक, ज्या जागेत तुमचे लोक राहतात तशा जागेत आधी स्वतः जाऊन बसून यायचं. दोन, टेबलावर बोललेलं वहीत गेलं की वही खरी. आठवण कितीही पक्की असू दे, भांडण झालं तर वही उघडायची. आणि वहीतला शब्द बदलायचा तर सगळ्यांसमोर, टेबलावर बदलायचा. हे दोन्ही नियम चांगले आहेत. त्याच नियमांनी नऊ वर्षांपूर्वी एका माणसाचा जीव जायची वेळ आणली, पण दोष नियमांचा नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी मी माझे पहिले लोक आणले. कातळे. डोंगराच्या पोटात राहणारे. आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं, कातळ्यांना भीती वाटतच नाही. माझ्यासारखा माणूस दुसरं काय रचणार, सांगा! त्यांचं चेटूक असं, की अंधारात दगड त्यांना वाट सांगतो. जिथे बोगद्याला दोन फाटे फुटतात तिथे दोन्ही भिंतींवर तळवे टेकायचे आणि ओली भिंत असेल त्या बाजूने जायचं.

मिसेस पास्कोंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ओल्या बाजूने?"

"हो."

"नेव्हिल, ओल आली कुठून?"

"पाण्यातून."

"मग तुझे निर्भय कातळे ओळीने पाण्यात जाऊन बुडणार. हीच चेटकाची किंमत का? शिवाय बुडताना तरी घाबरतात की नाही, तेही ठरलेलं दिसत नाही."

टेबल खदखदून हसलं. मीही हसलो. एकटा हसला नाही तो माझा मित्र कॉर्मॅक ड्वायर. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, खिडकीपाशी. ड्रिलची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, त्याला भीती हा प्रकार ठाऊकच नव्हता. तो म्हणाला, "हसा लेको. ओली बाजू चालते की नाही, ते मी उद्या दाखवतो." मिसेस पास्को म्हणाल्या, तूर्त वहीत लिहून ठेव, पुढच्या शनिवारी वाद घालू. मी लिहिलं, 'ओल्या बाजूने'. त्या आठवड्यात वही घरी न्यायची पाळी माझी होती.

आता जे सांगतो ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी गेलो, चहा ठेवला, आणि ते हसू काही कानातून जाईना. मी दाढीचं पातं घेतलं, 'ओल्या' हा शब्द हलक्या हाताने खरवडला आणि त्याच शाईने 'कोरड्या' असं लिहिलं. मला वाटलं, पुढच्या शनिवारी वही उघडतील, आणि मी साळसूदपणे म्हणेन, मी तर कोरडी बाजूच म्हणालो होतो, तुम्हीच चुकीचं ऐकलंत. एवढ्यासाठी. हसणारी आठदहा तोंडं बंद करायला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कॉर्मॅक दारात हजर. वही माझ्या गाडीत होती, संध्याकाळी मिसेस पास्कोंना दाखवायला नेणार होतो. आम्ही जुन्या तांब्याच्या खाणीच्या आडव्या बोगद्यापाशी गेलो. मी दिवसाचा उजेड दिसत होता तिथवर आत गेलो आणि एका दगडावर बसलो. पुढे येणार नाही म्हणालो. आतून गार हवा येत होती, आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"अरे, कातळे तुझे ना?" कॉर्मॅक हसत म्हणाला. "बापच घाबरला तर पोरांनी काय करायचं!"

"कॉर्मॅक, पुरे. परत चल."

"अर्ध्या तासात येतो. तू इथे बसून माझं कौतुक लिहून काढ." त्याने टॉर्च विझवला आणि तळवे भिंतीवर टेकत गेला. थोडा वेळ त्याचं गाणं ऐकू आलं. मग तेही येईना.

अर्धा तास झाला. एक तास झाला. मी हाका मारल्या. माझीच हाक परत आली आणि तिने मी इतका दचकलो, की बाहेर पळत सुटलो. होय, बाहेर. मित्राच्या दिशेने मी एक पाऊलही टाकलं नाही. रस्त्यावरून विटना फोन केला तेव्हा माझी बोबडी वळली होती, त्यांना आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.

बरोबर ना, विट?

विट आणि त्यांची माणसं आली, पाठोपाठ मिसेस पास्को आल्या. बातमी या गावात गाडीच्या आधी पोचते. विटनी सांगितलं, आत पहिल्याच फाट्यापासून दोन भाग होतात, डावीकडचा चढत जातो, उजवीकडचा उतरतो, आणि दोन्हींना पुढे पुन्हा फाटे आहेत. दोर आणि दिवे एकाच बाजूला पुरतील. दुसरं पथक यायला दोन तास. "तो कुठे गेला असेल?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तो कातळ्यांच्या नियमाने गेलाय."

बचाव पथकाच्या प्रमुखाचा चेहरा काय झाला असेल, कल्पना करा. पण मिसेस पास्कोंनी शांतपणे सगळं समजावलं आणि माझ्याकडे वळल्या. "टेबलावर तू ओली बाजू म्हणाला होतास ना?"

मित्रहो, मला माहीत होतं. वही माझ्या गाडीत होती, कॉर्मॅकने ती पाहिलीच नव्हती. तो टेबलावर ऐकलेल्या नियमाने गेला होता, तोही माझी बाजू खरी करायला. पण मिसेस पास्को समोर उभ्या होत्या, पातं आठवत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "वहीत पाहा ना." मनाला समजावलं, कोण जाणे, सकाळी चहाला आला तेव्हा त्याने पान उघडलंही असेल. तो सकाळी चहाला आला नव्हता.

त्यांनी वही आणवली. वाचलं. त्यांचा कान त्यांना ओली सांगत होता आणि वही कोरडी. जन्मभर ज्या नियमाने त्या चालल्या, त्याच नियमाने त्या बोलल्या, "कोरड्या बाजूने." पथक डावीकडे, चढावर गेलं.

मी बोगद्याच्या तोंडावर उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. दर मिनिटाला वाटायचं, आता सांगतो. आणि मग वाटायचं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस असं विचारतील. जितका उशीर होत गेला तितकं बोलणं अवघड होत गेलं. अशी चाळीस मिनिटं गेली. मी घड्याळाकडे पाहत होतो, म्हणून नेमकी सांगू शकतो.

चाळिसाव्या मिनिटाला मिसेस पास्कोंनी ते पान विटच्या दिव्यासमोर धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, उजेड आरपार आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांसमोर. त्या विटकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी चुकीचं वाचलं. माझा चष्मा धड नाही. ओली बाजू आहे, उतरणीची. लवकर परत बोलवा त्यांना."

कॉर्मॅक उतरणीच्या तिसऱ्या फाट्यापाशी सापडला. गुडघाभर पाण्यात, उजवा पाय सरकलेल्या दगडाखाली अडकलेला, टॉर्च हातून पडलेला, एका कपारीला धरून उभा. वर आणलं तेव्हा दात वाजत होते, तरी मला शोधून म्हणाला, "नेव्ह, तुझे कातळे निर्भय वगैरे काही नाहीत बरं का. मी चांगले दोन तास कातळा होतो. कुणी शोधायला आलंच नाही तर, ही भीती असते त्यांना. लिहून ठेव." उजव्या पायाची चार बोटं डॉक्टरांना काढावी लागली. डॉक्टर मला म्हणाले होते, अर्धा तास आधी आणला असता तर बहुतेक वाचली असती. हे त्यांनी कॉर्मॅकला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं.

आणि गावाने काय केलं? गावाने ग्वेंडाचा चष्मा ही म्हण केली. दुकानात कुणी सुट्टे चुकीचे दिले की ग्वेंडाचा चष्मा. रेफरीने गोल नाकारला की ग्वेंडाचा चष्मा. नऊ वर्षं ही बाई गालातल्या गालात हसत ते ऐकून घेते आहे. आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना निरोपाची भेट म्हणून चांदीच्या मुठीचं भिंग दिलंत. हॉल हसला. त्या हसल्या. वर्गणीत माझेही पैसे आहेत. माझ्या खिशात लिहून आणलेलं एक छान भाषण होतं, ते भिंग पाहिलं आणि मला ते वाचता येईना.

त्या अपघातानंतर महिन्याभराने मी एकदा धीर करून त्यांच्या घरी गेलो होतो. विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत? त्या रोपांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "तेव्हा मला कॉर्मॅक हवा होता. तुझी उलटतपासणी घ्यायला वेळ नव्हता. आणि हे सांगणं माझं काम नाही." मग म्हणाल्या, "तू सांगशील." एवढंच. पुढे एकदाही विषय काढला नाही. कातळ्यांचं पान अजून तसंच आहे, खरवडलेलं. गेल्या महिन्यात त्यांनी नवा राखणदार म्हणून समितीला माझं नाव सुचवलं. येत्या मंगळवारी त्या मुलीकडे पर्थला कायमच्या जातायत. म्हणजे त्यांच्यासमोर बोलायला मला आजचाच दिवस उरला होता.

मिसेस पास्को, तुम्ही नका उठू. तुम्ही आज काहीही सावरून घ्यायचं नाही.

तर मंडळी, त्यांनी वही बरोबर वाचली होती. चूक वहीत होती, आणि ती मी केली होती. ते भिंग कुणाला द्यायचं हे तुम्ही ठरवा. वही अध्यक्षांच्या समोर टेबलावर आहे, तीही कुणाला द्यायची हे तुम्हीच ठरवा, मी हात पुढे करणार नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. त्या दिवशी न ओरडता काम करणाऱ्या विटचे आणि त्यांच्या माणसांचे आभार. मिसेस पास्कोंचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. भाषण लांबलं, कुणाचं नाव राहिलं असेल, तर तेवढ्याची माफी तुम्ही मला उदारपणे द्याल, हे मी जाणतो. पण त्या चाळीस मिनिटांची माफी हॉलकडे मागून चालणार नाही. ती एकाच माणसाकडे मागायची आहे. कॉर्मॅक, मला माफ कर.

तो उठलाय. काठी खुर्चीलाच राहिली त्याची. इकडेच येतोय. कुणी अडवू नका त्याला, वाट द्या. मला फार भीती वाटते आहे, मित्रहो, पण मी इथेच उभा आहे. धन्यवाद.