साहेबपुऱ्यातील खुर्ची कोणी मोडली याबाबत

नाव : माधव यशवंतराव फणसे. वय : २२ वर्षे. धंदा : सध्या नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी रागाने कॉलेज सोडले; राग कशाचा होता ते आता नीट सांगता येत नाही. राहणार : स्टेशन रोड, देवास.

समक्ष हजर राहून सांगतो की, खुर्ची तोडली म्हणून साहेबपुऱ्याचे चौकीदार जगदेवराव यांना निलंबित केल्याचे मला काल कळले. त्यांच्या पेन्शनीला पाच महिने उरले आहेत. खुर्ची मी मोडली, म्हणून न बोलावता आलो आहे.

साहेबपुरा ही सरदारपूरच्या अलीकडची इंग्रजांची जुनी वस्ती. बंगले, चर्च, पोस्ट सरकारने होते तसेच ठेवले आहे. रविवार ता. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही चौघे पाठीवर पिट्टू लावून पायी तेथे पोचलो : मी, माझा मित्र अरविंद दिघे, कु. विद्युल्लता आणि तिच्यावर लक्ष ठेवायला तिची थोरली बहीण सरलाताई. सरलाताईंच्या पायाला फोड आले होते. त्या व्हरांड्यात झोपल्या.

मोठ्या बंगल्यात साहेबांची वेताची खुर्ची आहे. पुढे दोरी व 'बसू नये' अशी पाटी आहे. विद्युल्लता अरविंदला म्हणाली की ही खुर्ची तुला शोभेल. अरविंदने पाटी वाचली, तो बसला नाही. पाटी मीही वाचली. दोरी ओलांडून मी बसलो.

वेत जुना होता. मी कमरेपर्यंत आत गेलो, गुडघे हनुवटीला लागले. त्या स्थितीत मी गुलामीच्या खुणांविषयी एक वाक्य सुरू केले, ते पूर्ण झाले नाही.

जगदेवराव म्हणाले, ओढाताण नको, सुतार खुंट्या काढून सोडवील. सुतार पाऊण मैलावर राहतो. त्याला आणायला अरविंद व विद्युल्लता यांना मीच पाठवले. ते साडेअकराला गेले. जाऊन यायला चाळीस मिनिटे पुष्कळ.

जगदेवराव जवळ बसून राहिले. त्यांनी मला बशीने चहा पाजला. "भिया," ते म्हणाले, "साहेबसुद्धा एवढा वेळ बसत नव्हते हिच्यात." मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी बशी पुन्हा भरली.

ते दोघे दोन वाजता आले. सुतार कुक्षीच्या बाजाराला गेला आहे, असे अरविंदने सांगितले. विद्युल्लताच्या चपला त्याच्या हातात होत्या. का, ते मी विचारले नाही.

माझे पाय निळे पडलेले पाहून जगदेवरावांनी करवत आणली व खुर्चीचा हात कापला. डोळ्यांत पाणी मुंग्यांमुळे आले, असे मी त्यांना सांगितले.

परतताना मी रागाने सगळ्यांच्या पुढे चालत होतो. सुतार आपल्या दारात रंधा मारत बसला होता. सकाळपासून आपल्याकडे कोणीही आले नाही, असे त्याने सांगितले.

साक्षीदार विचारल्यावरून सांगतो : अरविंद व विद्युल्लता. त्यांना ९ डिसेंबरपर्यंत बोलावू नये, त्या दिवशी त्यांचे लग्न आहे. त्यानंतर दोघांचे समन्स एकाच पत्त्यावर पाठवता येतील.

जबाब मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सुताराचे वाक्य खोडू का, असे हवालदारांनी आपणहून विचारले. जगदेवरावांनी सुताराची अडीच तास वाट पाहिली, करवत नंतर घेतली, हे दिसायला ते वाक्य लागते. मी ते राहू दिले.