शतपती हसला

दोस्ताय: ...म्हणून म्हणतो, दगडाला पाझर फुटतो, तर रोमी माणसाला हसू का नाही फुटणार?

यकीम: नाही फुटत. जन्मल्या जन्मल्या त्यांची आई त्यांच्या गालात लोखंड ओतते.

दोस्ताय: लाव पैज.

यकीम: लावली! वेशीवरच्या शतपतीला हसवून दाखव. तो जांभईसुद्धा तलवार उपसल्यासारखी देतो.

दोस्ताय: हरेल त्यानं, जिंकणारा सांगेल ते करायचं. भर बाजारात.

यकीम: कबूल. शेलोम, तू साक्षीला.

शेलोम: मला कांदे दे आणि मोकळं कर बाबा. घरी भाऊ उपाशी बसलाय.

दोस्ताय: तुमच्या घरीच काम आहे गं. तुमच्या दाराची धर्माची टोपली घटकाभर नेतो. तुझ्या भावाला, इथमारला, सांगू नको.

शेलोम: ए रंगाऱ्या, ती गरिबांसाठी असते.

दोस्ताय: गरिबासाठीच नेतोय! आपला रोमी सुभेदार! मंदिराच्या खजिन्यात हात घालायची पाळी आली बिचाऱ्यावर, म्हणजे चूल किती दिवस थंड असेल बघ! "वाढा हो माय, सुभेदाराला कांदा वाढा! शिळा चालेल, कुजका चालेल!"

यकीम: मेलास तू आज.

दोस्ताय: मी एकटा कशाला? धर्माची टोपली एकट्यानं फिरवायची नसते. दोघं लागतात, म्हणजे वाटेत एकानं खाल्लं असं कुणी म्हणायला नको. चल, उचल.

यकीम: अरे, पैज तुझी नि माझी! मीच माझ्या विरुद्ध टोपली धरू?

दोस्ताय: धर्म आहे बाबा. मी काय करणार?

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच बाजारात. तीन वधस्तंभ उभे आहेत. मधल्यावर इथमार.)

यकीम: मान खाली घालून चाल. शिपाई बघतायत.

दोस्ताय: मसालेवाल्याची बायको अजून उंबऱ्यावरच पडलीय रे. आतडी हातात धरून.

यकीम: सगळ्या गल्लीत तेच. दिसेल त्याला कापत गेले. चपला बघ, रक्तात चिकटतायत.

शेलोम: आलात? बरं झालं. बघा वर.

दोस्ताय: शेलोम, अगं...

शेलोम: टोपली आमच्या दारावर सापडली. आधी फोडून काढला त्याला. चाबकाला हाडाच्या कपच्या ओवलेल्या. पाठीवरून मांस लोंबत होतं नि हे विचारत होते, कुणी फिरवली? म्हणाला, ज्याला भूक लागते तो फिरवतो.

यकीम: त्याला आमची नावं ठाऊक होती?

शेलोम: सगळ्या बाजाराला ठाऊक होती. त्या शतपतीलाही. त्यानंच ठोकलं त्याला. हातोडा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

दोस्ताय: काल तर पोट धरून हसला मेला! स्वतःच्या हातानं कांदा टाकला टोपलीत!

शेलोम: म्हणून तर. रात्रीच सुभेदाराची दवंडी फिरली, टोपलीवाल्यांना टांगीन आणि टोपलीला हसणाऱ्यांनाही टांगीन. चौकशी स्वतःपर्यंत यायच्या आत शतपतीला कुणीतरी लटकवायला नको?

यकीम: वडीलधारे म्हणतात, हे सगळं टोपलीवाल्यांमुळं झालं. देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून म्हणतात.

दोस्ताय: खरंच आहे ते. मी जातो, सांगतो मीच तो. मग उतरवतील याला.

शेलोम: उतरवतील? शेजारी चौथा खांब रोवतील. लाकडाला तोटा नाही त्यांना. आणि ऐक. टोपली तू नेलीस, जन्मभर लाज वाटू दे तुला. पण टांगायचा हुकूम सुभेदाराचा, हातोडा त्याच्या माणसाचा. माझ्या भावाचं मरण तुम्ही आपसात वाटून घेऊ नका. त्याला मालक आहे.

दोस्ताय: श्वास चालू आहे ना?

शेलोम: बघ की. श्वास घ्यायला पायातल्या खिळ्यावर उभा राहतो. सोसत नाही, मग परत हातांवर लोंबतो. सकाळपासून हेच.

दोस्ताय: सुभेदाराची पालखी इकडूनच जाते ना रे?

यकीम: जाते काय, निघाली. ती बघ उतारावर.

दोस्ताय: यकीम, पैज कोण हरलं?

यकीम: लाज वाटते का लेका? समोर माणूस टांगलाय!

दोस्ताय: कोण हरलं?

यकीम: मी. तो हसला. मी हरलो.

दोस्ताय: मग फेड. चढ तुझ्या कांद्यांच्या फळीवर आणि पैज कशी हरलास ते ओरडून सांग. हसणाऱ्याचं नाव अगदी शेवटी घे. पालखी जवळ येऊ दे.

यकीम: मला मारतील.

दोस्ताय: मारतील. पहिला तडाखा तोंडावर बसेल. गप्प करायची घाई असेल त्या शतपतीला.

शेलोम: यकीम, तुला नको असेल तर नको चढू. मी काही म्हणणार नाही.

यकीम: हा अंगरखा धर. नवा आहे.

शेलोम: दे.

यकीम: ऐका हो! मी यकीम कांदेवाला! मी पैज हरलो! मी म्हणालो, रोमी माणूस हसत नाही! हसतो हो, हसतो! काल टोपली वेशीवर गेली तेव्हा एक जण हसला! वर कांदाही वाढला! त्याचं नाव...

शेलोम: अगं आई! शतपतीनं दांडकं घातलं तोंडात!

दोस्ताय: पडला नाही. बघ, दात थुंकतोय. ऊठ यकीम, ऊठ!

यकीम: हसला! त्याचं... त्याचं नाव...

दोस्ताय: शतपतीसाहेब, थांबा. अजून बरेच दात आहेत त्याच्याकडं, आणि पालखी कोपऱ्यावर आली. ते नाव मलाही पाठ आहे. मला मारलंत तर या बाईला पाठ आहे. अख्ख्या बाजाराला पाठ आहे. काल तुम्ही केवढ्यानं हसलात!

शतपती: हळू बोल. काय हवंय?

शेलोम: माझा भाऊ.

शतपती: तो जिवंत आहे.

दोस्ताय: तुम्ही ठरवाल तसा, साहेब. तुम्ही मेला म्हणालात तर कोण मोजतंय त्याचा श्वास?

शतपती: ए, शिडी लावा! मधला मेला. खिळे उपसा. भाला खुपसून बघायला नको, माझा शब्द आहे. न्या रे याला, पालखी यायच्या आत न्या!

दोस्ताय: पाय मी घेतो. यकीम, तू खांद्याखाली हात घाल. हळू, तो खांदा निखळलाय.

यकीम: फिटली ना रे?

दोस्ताय: फिटली. तोंड पूस. अंगभर रक्त झालंय.

यकीम: आणि बाजूचे ते दोघं?

दोस्ताय: चालत राहा.

शेलोम: चादर तोंडावरून घ्या. आणि रडा. मोठ्यानं रडा दोघं, छाती पिटून रडा. तो कण्हतोय.